म्हातारीच्या भिंतीतला मुळा

१

ही गोष्ट खरी आहे, असं पटवायच्या भानगडीत आता कुणी पडत नाही. ज्याला म्हणून सांगितली तो एक तर हसला, नाही तर हातातला कप तसाच ठेवून घड्याळाकडे बघत उठला. एका भल्या गृहस्थाने तर चांगल्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. त्यांचंही चुकलं नाही म्हणा. हातभर दगडाचा तुकडा चोरीला जातो काय, त्याच्या धाकाने अख्खं शहर भर दुपारी खिडक्या लावून बसतं काय, आणि तो शोधायला निघतं कोण, तर जिच्याइतकं घाबरट माणूस आजवर जन्माला आलं नाही अशी एक बाई! कोण विश्वास ठेवील?

तिला सगळे मावशी म्हणत. तिचा घाबरटपणा साधासुधा नव्हता. इतरांची सावली मागे चालते. मावशीची पुढे चालायची, रस्ता ठीक आहे ना ते बघायला. शेजारचं मांजर शिंकलं की ही पलंगाखाली. लिफ्टला भ्यायची म्हणून सातव्या मजल्यावरच्या कचेरीत तिने आयुष्यभर जिने चढून नोकरी केली. आणि नोकरी तरी कसली, तर हिशेबतपासनिसाची, चार मोठ्या माणसांना समोर बसवून "हे कुठे गेलं?" असं विचारायची. निवृत्त झाली तेव्हा पोटऱ्या पैलवानाच्या होत्या आणि काळीज चिमणीएवढं.

अशा मावशीला शुक्रवारी दुपारी भाचीचा फोन आला.

"मावशी, मुळा गेला."

"मग दुसरा घे. त्यात रडतेस काय?"

"अगं, भाजीतला नाही! भिंतीतला!"

मावशी खुर्चीत बसली. मग तिला वाटलं खुर्चीच हलतेय, म्हणून ती जमिनीवर बसली.

शहराच्या कडेला अणुवीज केंद्र होतं. त्यातली भट्टी बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती; कामगार तिला म्हातारी म्हणत. ती धडधडत होती तेव्हा शहरातल्या प्रत्येक वीजबिलातून चिमूटभर पैसा बाजूला पडायचा, तिच्या शेवटच्या खर्चासाठी. कारण अशी भट्टी मेली म्हणून बुलडोझर लावून पाडता येत नाही. आधी भिंती तपासायच्या. किरणोत्सारी घाण आत मुरली असेल तर भिंत पापुद्र्या-पापुद्र्याने खरवडायची, चुरा पिंपांत भरायचा, पिंपं कायमची पुरायची. आणि एवढं करायला निधीत पैसा नव्हता. भिंत घाणेरडी निघाली तर एकच वाट उरायची: म्हातारीला कुलूप घालायचं आणि पहाऱ्याचा खर्च लोकांच्या बिलावर चढवून, आजची नातवंडं म्हातारी होईपर्यंत ती तशीच उभी ठेवायची. भिंत स्वच्छ निघाली तर मात्र म्हातारी चारचौघींसारखी पाडता आली असती, आणि निधी पुरून उरला असता.

भिंत तपासायला तिच्यातून हातभर लांबीचा गोल दांडा कापून बाहेर ओढतात. त्याचं कामगारांनी ठेवलेलं नाव मुळा. बाकीचे सगळे मुळे तपासून स्वच्छ ठरले होते. राहिला होता शेवटचा, तळघरातला, जिथे पाण्याचा हौद वर्षानुवर्षं भिंतीला टेकून होता. घाण असलीच तर तिथे. शुक्रवारी सकाळी तो उपटून आत साठवणीच्या खोलीत ठेवला. जेवणानंतर भाची तो मोजणार होती. किरणं मोजायचं कामच तिचं. सगळे जेवून आले, तर मुळ्याची जागा रिकामी.

"बाहेर जायला वाटा दोनच," भाची सांगत होती. "एक माणसांचं फाटक. त्यातून घाणीचा कण जरी गेला तरी ते बोंब मारतं. ते वाजलं नाही. दुसरं मालाचं दार. आणि त्याची किल्ली..."

"कुणाकडे असते?"

"माझ्याकडे गं. माझ्या एकटीकडे."

"मग दुसरा मुळा उपटा की!"

"तळघराला सील ठोकलंय. सोमवारी निधीच्या विश्वस्तांची बैठक आहे, आणि मोजमाप हाती नसेल तर वाईटच धरायचं असा नियम आहे. आणि मावशी... मला सांगितलंय, बैठक संपेपर्यंत मुळा नाही सापडला तर दारात पोलिसांची गाडी उभी असेल. माझ्यासाठी."

बहीण गेल्यापासून मावशीनेच त्या पोरीला वाढवलं होतं. फोन ठेवून ती उठायला गेली. पाय उठेनात. मग तिने हात टेकले, खुर्चीला धरलं, भिंतीला धरलं, आणि कशीबशी दारापर्यंत पोचली. दार उघडलं तर समोरच्या बाई नाकाला टॉवेल बांधून जिन्यात उभ्या होत्या.

"मावशी, आत व्हा! तो दगड आपल्याच गल्लीत फिरतोय म्हणे!"

२

शनिवारी शहराची जी अवस्था झाली ती सांगितली तर पुन्हा डॉक्टरचा पत्ता मिळेल. शाळांना सुट्टी दिली. बागेतल्या बाकांना दोरी बांधली, का, ते कुणालाच ठाऊक नाही. दूधवाल्याची किटली आपोआप गरम होते अशी आवई उठली, आणि त्या बिचाऱ्याला दूध गार आहे हे दाखवायला भर चौकात स्वतःच्या डोक्यावर ओतून घ्यावं लागलं. चोराने दगड नळाच्या टाकीत टाकला, असं पहिला म्हणाला. दुसऱ्याने तो टाकताना पाहिला होता. तिसऱ्याच्या मेव्हण्याने त्या पाण्याने दाढी केली आणि मिशी निळी झाली होती. हसण्यासारखं सगळं, पण हसत कुणी नव्हतं. रस्त्यात दोन माणसं समोरासमोर आली की दोघंही दुसऱ्याच्या पिशवीकडे बघत.

मावशी नाकाला रुमाल लावून भिंतीकडेने चालली. चौकात आल्यावर तिला रुमालाचाच संशय आला आणि तो तिने फेकला.

केंद्राच्या फाटकाबाहेर फौजदार गाडीच्या काचा वर करून बसले होते. "जबाब घेतलेत मी सगळ्यांचे," ते फटीतून म्हणाले. "आत नाही जाणार. आमची हद्द इथवर." मावशीला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. पण निधीचे हिशेब पूर्वी तिनेच तपासले होते, विश्वस्त तिला ओळखत होते, आणि आत जायला तयार झालेलं दुसरं कुणीच नव्हतं. एवढ्या भांडवलावर तिला चौकशीची परवानगी मिळाली.

मुळा उपटल्यापासून जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्या भागात फिरकलेली माणसं चारच होती. भाची धरून.

पहिले निधीसाहेब, म्हणजे निधी सांभाळणारे अधिकारी. दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेला शिशाचा एप्रन कोटाखाली घालून ते बसले होते, त्यामुळे त्यांना वाकता येत नव्हतं.

"आत? मी?" ते दचकले. "मावशी, मला दोन मुलं आहेत! मी आपला सज्ज्यातून, जाड काचेमागून बघतो. घाणेरडी बाजू सुरू होते तिथे बाक असतो ना, आयुष्यात एकदाही तो ओलांडून आत गेलेलो नाही. विचारा कुणालाही."

"म्हातारी पाडली की निधी संपेल. मग तुमची खुर्ची?"

निधीसाहेबांनी मान हलवली. एप्रन हलला नाही. "तुम्ही काय समजताय ते समजलं मला. कुलूप लागलं तर निधी राहील, मी राहीन. पण मावशी, पहाऱ्याचा खर्च बघितलाय का दरसालचा? म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, खर्च सोकावतो!" मग त्यांनी आवाज उतरवला. "एक सांगू? फौजदाराला नाही सांगितलं. सुट्टीत मी काचेतून एका माणसाला पाहिलं. साठवणीच्या खोलीतून निघताना."

"कोण होतं?"

"झगा, टोपी, तोंडाला मास्क. आत सगळे सारखेच दिसतात. पण चोर पळतो ना? हा पळत नव्हता. दिवा बंद केला, दार ओढून घेतलं, परत ढकलून पाहिलं, नीट लागलंय का ते. आपल्याच घरातून निघाल्यासारखा."

भाचीला लहानपणी तीच सवय लावली होती मावशीने. दार लावलं की एकदा ढकलून बघायचं.

३

दुसरा भोकमास्तर. भिंतीला भोकं पाडून मुळे उपटणारा धिप्पाड गडी. दंड असे की मशीन त्याला धरून चालतंय असं वाटावं. तो उपाहारगृहाच्या कोपऱ्यात पाठ भिंतीला लावून बसला होता आणि चमचासुद्धा हातमोजे घालून धरत होता.

"तीन जोड घालतो मी," तो म्हणाला. "एकावर एक. काढताना ओढतो, फाटतात, फाटू देत. सगळं पिवळ्या बादलीत. परवा तर नवे बूट टाकले पिवळीत. बायको बोलत नाही तेव्हापासून."

"पिवळी बादली म्हणजे?"

"घाणेरडा कचरा हो. तो पुरायला जातो. पांढरी असते ती स्वच्छ कचऱ्याची. आपण पांढरीच्या वाटेला जात नाही. नसती आफत कशाला?"

"भिंत घाणेरडी ठरली तर खरवडायचं काम तुम्हालाच मिळेल म्हणतात."

"देणार कोण पैसे? निधी पुरत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. आणि खरं सांगू मावशी, मला मिळालं तरी नको. ते मोजायचं यंत्र असतं ना? त्याचा काटा हलला की मी पळतो. किती हलला, कुठल्या आकड्यावर गेला, ते वाचायला थांबतो कोण? मला वाचता येतं कुठे?"

मावशीला हा माणूस आवडला. जगात आपल्यासारखं कुणीतरी आहे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"सुट्टीत तिकडे आणखी कोण होतं?"

"मोठे साहेब. ते तर रोजच असतात." मोठे साहेब म्हणजे म्हातारी पेटली त्या दिवसापासून विझली त्या दिवसापर्यंत तिचे प्रमुख. निवृत्त झाले तरी रोज सकाळी येत, सल्ला देत, एक पैसा घेत नसत. "ते आले की फाटकावरची माणसं अजून खुर्ची सोडून उभी राहतात. देवमाणूस."

"आणि?"

भोकमास्तर चमच्याशी खेळत राहिला.

"बोल रे बाबा. मी काही खात नाही तुला."

"मालाचं दार उघडं होतं," तो खालमानेने म्हणाला. "सताड. आणि दारात तुमची भाची उभी होती. एकटी. मी फौजदारांना सांगितलंय ते. खोटं कसं बोलू?"

४

"मालाच्या दारात उभी राहून काय करत होतीस?" मावशीने विचारलं. तिचा आवाज तिच्याच कानांना ओळखू आला नाही.

"तुझ्याशी फोनवर बोलत होते!" भाची रडत रडत ओरडली. "आत रेंज नाही. तू रोज सुट्टीत फोन करतेस ना, जेवलीस का, पाणी प्यायलीस का, छताखाली उभी राहू नकोस पडेल! त्याच्यासाठी मी दार उघडून उभी राहते रोज!"

मावशीला तो फोन आठवला. शुक्रवारी ती छताबद्दलच बोलली होती, आणि चांगली ऐसपैस बोलली होती. म्हणजे मालाच्या दारातून मुळा गेला नाही, याला साक्षीदार स्वतः मावशी. आणि भाचीच्या बाजूने मावशीची साक्ष कोण मानणार? आपल्याच काळजीने आपण पोरीला फासात उभी केली, हा विचार आला आणि ती म्हणाली, "मला ती खोली दाखव."

"तू? आत?"

"लवकर दाखव. माझा विचार बदलेल."

घाणेरडी बाजू आणि स्वच्छ बाजू यांच्यामध्ये एक लांब बाक असतो. त्यावर बसायचं, एक पाय उचलायचा, आतला बूट चढवायचा, तो पाय पलीकडे टाकायचा, मग दुसरा. मावशीचा एक पाय पलीकडे गेला, दुसरा इकडेच राहिला, आणि घोड्यावर बसल्यासारखी ती बराच वेळ तशीच बसली. भाचीने हातमोज्यांची मनगटं चिकटपट्टीने बांधली. कमरेला लावलेलं किरणं मोजायचं यंत्र टिकटिकायला लागलं.

"वाजलं!"

"वाजणारच. थोडी टिकटिक सगळीकडे असते, तुझ्या स्वयंपाकघरातसुद्धा."

"हे घरी जाऊन मला पुन्हा सांगू नकोस."

साठवणीची खोली म्हणजे चार बिनखिडकीच्या भिंती. फळीवर पेट्यांत मुळे ओळीने निजवलेले, करडे, गुळगुळीत. शेवटची पेटी उघडी. मावशीने त्या रिकाम्या जागेत बघितलं आणि तिच्या मनात आलं: तिथे जे होतं ते आत्ता कुणाच्या कपाटात, कुणाच्या उशाशी आहे? दात वाजू लागले. यंत्राची टिकटिक आणि दातांची टिकटिक, कुठली कुठली ते कळेना.

"चल, पुरे," भाची म्हणाली. "बाहेर पडण्याआधी वरचे हातमोजे इथेच काढायचे."

मावशी समोरच्या पांढऱ्या बादलीकडे वळली.

"पिवळी! पिवळीत टाक!" भाची अशी किंचाळली की मावशी फळीला धडकली. "या खोलीत शंका आली की पिवळी. आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलंय."

"मग यांना कुणी शिकवलं नव्हतं का?" मावशीने बोट पांढऱ्या बादलीच्या तळाकडे केलं.

तळाशी हातमोज्यांची एकच जोडी पडली होती. फाटलेली नव्हती. एक मोजा दुसऱ्याच्या पोटात उलटा गुंडाळून त्याचा नीट लाडू वळलेला, बाहेरची बाजू कुठेच हाताला लागणार नाही असा.

भाची खाली वाकली. "हे आमच्यापैकी कुणाचे नाहीत. पांढरी गुरुवारी रिकामी झाली होती. इथे पांढरी कुणी वापरत नाही गं. जुनी माणसं वापरायची. पिवळी पिशवी पुरायला निधीतून पैसा जातो, तो उगाच का घालवायचा, म्हणून ती माणसं आधी मोजायची. स्वच्छ निघालं तर पांढरी."

"आधी मोजायची," मावशी पुटपुटली. तिचे दात वाजायचे थांबले. "पोरी, मुळा हाताळलेले हातमोजे ज्याने पांढरीत टाकले, त्याला ते स्वच्छ आहेत हे माहीत होतं. म्हणजे मुळाही..."

"मुळा स्वच्छ होता!" भाची मटकन पेटीवर बसली. "म्हणून फाटक वाजलं नाही!"

"वाजेल कशाला? स्वच्छ दगड काखोटीला मारून त्यातून कुणीही जाईल. अख्खं शहर खिडक्या लावून बसलंय ते साध्या दगडाला भिऊन. आता सांग, ती जुनी माणसं आहेत कुठे?"

"गेली सगळी." भाचीचा चेहरा उतरला. "एकच उरलंय."

५

मोठ्या साहेबांच्या बैठकीत एकच मोठी खिडकी होती, आणि खिडकीत दुसरं काही नव्हतंच. नुसता म्हातारीचा घुमट. साहेबांनी स्वतः चहा केला. वाऱ्याने दार आपटलं तसं त्यांनी उठून कडी घातली. मावशीचा कप बशीवर खडखडला. बंद घर, ती, आणि समोर उंचापुरा माणूस. भाचीला बरोबर आणलं नाही याबद्दल तिने स्वतःला शिव्या घातल्या.

"बोला, मावशी."

मावशीने चहाचा घोट गिळला आणि खालमानेने बोलायला लागली. वर बघितलं असतं तर शब्द फुटला नसता.

"निधीसाहेब बाकच ओलांडत नाहीत. भोकमास्तर तीन जोड घालतो, फाडून काढतो, आणि सगळं पिवळीत टाकतो. शिवाय यंत्र त्याला वाचता येत नाही. माझी भाची नव्या शाळेतली, तिचा हात पांढरीकडे जात नाही, माझा गेला तर ओरडली. ज्याने मुळा नेला त्याने आधी तो मोजला. मगच उचलला. चोरी करतानासुद्धा निधीची एक पिवळी पिशवी वाचवली. आणि जाताना दिवा मालवून दार ढकलून पाहिलं. फाटकावर त्याची पिशवी बघायची कुणाची छाती झाली नाही, कारण सगळे उठून उभे होते."

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"घाणेरडा निघाला असता तर तुम्ही हात लावला नसता," मावशी म्हणाली. "घाण शहरात आणणारे तुम्ही नव्हेत. पण घाणेरडा निघाला असता तर न्यायची गरजच नव्हती, नाही का? कुलूप लागलं असतं. ती उभी राहिली असती."

साहेबांनी घुमटावरची नजर न काढता कप खाली ठेवला.

"तुम्हाला माहितीये," साहेब शेवटी म्हणाले, "एखादा गबाळा प्रमुख असता, चार वेळा हौद गळू दिला असता, तर ती आणखी शंभर वर्षं उभी राहिली असती. कुणाला पाडता आली नसती."

"साहेब, माझी पोर..."

"तिला काही होणार नाही. चौकशी होईल, महिना दोन महिने. सोडतील."

"पोलिसांच्या गाडीत बसलेली मुलगी कुठली सुटते हो? लोक तिच्या घरावर आत्ताच दगड टाकायला निघालेत!"

साहेबांच्या तोंडावर काहीतरी हललं, आणि पुन्हा दगड झालं. त्यांनी उठून कडी काढली. "हातमोज्यांवर नाव नसतं, मावशी. बाकी सगळं तुमचं अनुमान. सोमवारी हेच बोलाल तर लोक कुणाचं ऐकतील? सांभाळून जा. तुमचे पाय कापताहेत."

पाय कापतच होते. पण जिना उतरताना मावशीला भलतीच भीती वाटत होती, आणि ती साहेबांची नव्हती. तिला एक युक्ती सुचली होती, आणि त्या युक्तीत तिला भरसभेत उभं राहून बोलायचं होतं.

६

सोमवारी सकाळी सभागृह गच्च भरलं. लोक टॉवेल, स्कार्फ, उशांचे अभ्रे, जे मिळेल ते तोंडाला बांधून आले होते. विश्वस्त टेबलामागे एकमेकांना चिकटून बसले होते. पहिल्या रांगेत मोठे साहेब, ताठ. भिंतीशी भाची उभी, पायाशी कपड्यांची पिशवी. काचेच्या दारातून फौजदारांची गाडी दिसत होती.

"मुळा मिळाला नाही," निधीसाहेब एप्रन सावरत म्हणाले. "नियमाप्रमाणे भिंत घाणेरडी धरावी लागेल. म्हातारीला कुलूप, बिलावर अधिभार, आणि संबंधित मुलीला..."

"मिळाला!" मावशी उठली. तिने टेबल धरलं, तसे टेबलावरचे सगळे पेले नाचायला लागले.

"कुठे?"

"माझ्या... माझ्या पलंगाखाली."

पुढच्या दोन रांगा खुर्च्यांसकट मागे सरकल्या. भाची पुढे धावली. "मावशी, काय बोलतेस!"

"गप गं. परवापासून तिथे आहे. हिरवा उजेड पडतो खोलीत. मी त्या उजेडात विणकाम करते. शेजारचं मांजर वास घ्यायला आलं, त्याचे सगळे केस गळले आणि वर ते जांभई द्यायला लागलं, माणसासारखं."

"अरे देवा!" एक विश्वस्त म्हणाले. निधीसाहेब मांजराचं लिहून घेत होते. सभेत एकाने तरी हसावं! कुणी हसलं नाही. मावशीने चोरून पहिल्या रांगेकडे बघितलं. साहेबांच्या ओठाच्या कोपऱ्यात नुसती कीव होती. गाडीतून फौजदार उतरत होते.

तिने डोळे मिटून घेतले.

"आणि तो मुळा मी मोजून घेतला. आतून सडलाय. घाण या टोकापासून त्या टोकापर्यंत मुरलीय. ती काही काल-परवाची नाही म्हणे. कैक वर्षं हौद गळत होता. आपल्या सगळ्यांच्या पाण्यात उतरत होता!"

सभागृहात एकच आक्रोश झाला. कुणी पोराला छातीशी धरून दाराकडे धावलं. साहेबांची मान वर झाली होती.

"कुणाच्या कारकिर्दीत?" विश्वस्त ओरडले.

"यांच्या!" मावशीने डोळे मिटूनच हात पुढे केला. "यांना सगळं माहीत होतं! गळकी भट्टी चालवली यांनी! डागांवर रंग फासला, पाळीवरच्या कामगारांची तोंडं दाबली, आणि वर्षानुवर्षं घाणीवर बसून..."

"खोटं!"

खुर्ची उलटून पडल्याचा आवाज झाला. मावशीने डोळे उघडले. मोठे साहेब उभे होते, पांढरेफटक, मुठी वळलेल्या.

"साफ खोटं बोलतेय ही बाई! एक थेंब गळला नाही माझ्या हाताखाली, एक थेंब! तो मुळा स्वच्छ आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी स्वतः मोजलाय! माझ्या कपाटात ठेवलाय, जा, आणा, आणि मोजा सगळ्यांदेखत!"